छायाचित्रातील आपला वर्ण

गेल्या पौर्णिमेच्या सायंकाळी एका नवदीक्षित कुटुंबाच्या घरी वंदनेस जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. घर दोन खोल्यांचे, पण लख्ख. जेथे पूर्वी देव्हारा होता तेथे भगवान बुद्धांची मूर्ती, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारच्या भिंतीवर यजमानांच्या दिवंगत मातोश्रींचे नवे, मोठे छायाचित्र. वंदना झाली, चहा आला, आणि यजमानांचा सहा-सात वर्षांचा मुलगा त्या छायाचित्राकडे बोट दाखवून आम्हांस म्हणाला, ‘ही आमची आजी नाही.’ घरातील माणसे हसली. परंतु मुलाचे म्हणणे खरे होते. ती माउली जन्मभर बांधकामावर विटा वाहून जगली. तिचा वर्ण गडद सावळा होता, कपाळावर गोंदण होते, गालांवर उन्हाने पाडलेल्या रेषा होत्या. भिंतीवरील स्त्री गोरी गुलाबी होती. गोंदण पुसले गेले होते, रेषाही पुसल्या गेल्या होत्या. कोठल्याशा कार्डासाठी काढलेल्या लहान फोटोवरून ते छायाचित्र संगणकावर मोठे करून घेतले होते. ‘गोरे करा, असे तुम्ही सांगितले होते काय?’ असे आम्ही विचारले. यजमान म्हणाले, ‘नाही साहेब, त्यांनी आपणहून केलं. आम्हांला वाटलं, असंच करतात.’

असेच करतात! वाचकहो, या दोन शब्दांत जे सामावले आहे त्याचाच विचार आज तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. स्टुडिओवाल्यास कोणी आज्ञा केली नव्हती. त्यास आज्ञेची गरजच भासली नाही. मृत आईचा सन्मान करावयाचा म्हणजे तिला गोरी करावयाची, हे त्याच्या हातास इतके सरावाचे झाले आहे की त्यात आपण कोणाचा अपमान करीत आहोत असे त्याच्या मनातही आले नाही. आणि पैसे देऊन ते चित्र घरी आणणाऱ्या मुलाच्याही मनात ते आले नाही. आले ते फक्त नातवाच्या मनात. कारण गोरेपण म्हणजे मोठेपण हा धडा तो अजून पुरता शिकलेला नव्हता.

आमचे म्हणणे काय आहे ते आरंभीच स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. संगणकावर छायाचित्राची दुरुस्ती करण्यास आमचा विरोध नाही. उलट, सावळ्या माणसाचे छायाचित्र नीट दुरुस्त करून घेणे हा त्याचा हक्क आहे, असे आम्ही म्हणतो. विरोध आहे तो दुरुस्तीच्या नावाखाली होणाऱ्या पालटास. माणूस डोळ्यांना जसा दिसतो तसा कागदावर आणणे ही दुरुस्ती. तो जसा नाही तसा करून दाखविणे हा पालट. एकच साधन, एकाच कारागिराच्या हातात, ही दोन्ही कामे करते. म्हणून फरक कोठे पडतो हे गिऱ्हाइकाला, म्हणजे तुम्हांला, ठाऊक असले पाहिजे.

प्रथम एक भ्रम सोडून द्या. कॅमेरा हे निर्जीव यंत्र आहे, त्याला जात नाही, रंग नाही, तो दिसेल ते टिपतो, असे आपण समजतो. तसे नाही. यंत्र माणसे घडवितात, आणि ज्यांच्या चेहऱ्यावर त्याची परीक्षा घेतली जाते त्यांच्याच चेहऱ्याला ते चांगले वश होते. रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेतील कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-चित्र पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. १९५४ साली सरकारी खटल्यातील तडजोडीने कोडॅकची छपाईवरील मक्तेदारी संपली आणि रंगीत फोटो छापण्याचे काम बाहेरच्या लहानमोठ्या प्रयोगशाळांकडे गेले. तेव्हा त्या साऱ्यांना रंग जुळविण्यासाठी हेच कार्ड मार्गदर्शक झाले. शर्लीचा चेहरा नीट उमटला की यंत्र बरोबर लागले, असा हिशेब. मग त्याच यंत्रातून काळ्या मुलाचा चेहरा निघाला तर डोळे आणि दात तेवढे चमकत आणि बाकीचा चेहरा काळोखात बुडून जाई. शाळेत एका बाकावर बसलेल्या गोऱ्या व काळ्या मुलांच्या छायाचित्रात हे हटकून घडे, आणि माता तक्रार करीत.

त्या तक्रारींनी फिल्म सुधारली असे जर तुम्हांला वाटत असेल, तर पुढची हकीकत ऐका. कोडॅकच्याच जुन्या अधिकाऱ्यांनी नंतर एका अभ्यासिकेला सांगितले की गडद तपकिरी छटा नीट उमटाव्यात म्हणून कंपनीला जाग आणली ती प्रामुख्याने चॉकलेटच्या व लाकडी सामानाच्या कारखानदारांनी! काळ्या चॉकलेटमधला आणि दुधाच्या चॉकलेटमधला फरक जाहिरातीत दिसेना, दोन लाकडांचा पोत वेगळा दिसेना, म्हणून ते चिडले. माणसाच्या कातडीची कैफियत जेथे पोहोचली नाही तेथे टेबलखुर्चीची पोहोचली. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड १९९०च्या दशकात आले.

या उणिवेची जाणीव कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना मात्र फार पूर्वीच झाली होती. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात जॉर्जियातील निग्रो समाजाची साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे अल्बममध्ये लावून मांडली होती: डॉक्टर, विद्यार्थी, कुटुंबे, दुकाने. पुढे १९२३ साली ‘द क्रायसिस’ या आपल्या मासिकात त्यांनी विचारले की आपले तरुण-तरुणी छायाचित्रणाच्या धंद्यात का शिरत नाहीत. कारण गोऱ्या छायाचित्रकाराला काळ्या त्वचेशी कसे वागावे ते कळत नाही आणि शिकण्याची इच्छाही नसते. हे तेच ड्यु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले आणि अस्पृश्यांच्या व निग्रोंच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. ड्यु बॉइस यांचा प्रश्न आज आम्ही आमच्या तरुणांना विचारतो. कॅमेरा परवडणारे तरुण आता आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु आपल्या आईचा चेहरा कसा उजळावा आणि कोठे थांबावे हे शिकलेले किती आहेत?

आता तुमच्या स्वतःच्या अल्बमकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो स्त्री-पुरुष पांढरी वस्त्रे नेसून दीक्षेला आले. तेव्हापासून दीक्षा असो की विवाह, शुभ्र वस्त्र हा आपला पोशाख झाला आहे. आणि नेमके येथेच कॅमेरा आपल्याला फसवितो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक डोळस नसतो. समोरचे सारे दृश्य मिळून सरासरीने मध्यम करडे आहे, असे तो गृहीत धरतो. छायाचित्रकार त्याला १८ टक्क्यांचे करडे म्हणतात. पांढरी साडी, पांढरा सदरा, मागे चुन्याची भिंत, असे दृश्य समोर आले की त्याला वाटते, प्रकाश फारच झाला. आणि तो प्रकाश कमी करतो. पांढरे वस्त्र मळकट करडे होते, आणि जो चेहरा मुळातच सावळा आहे तो काजळीसारखा होतो. वधूवर मंडपात सुरेख दिसत असतात. अल्बम आला की घरचे म्हणतात, ‘फोटो काळे आले.’ मग स्टुडिओवाला सगळे चित्र एकदम उजळ करतो. त्याने साडीचे काठ आणि चुण्या पांढऱ्यात विरून जातात. चेहरा तरीही पुरेसा उजळत नाही. म्हणून तो चेहऱ्यावर निराळा पांढरेपणा फासतो. दोष प्रकाशमापकाचा, शिक्षा त्वचेला.

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. छायाचित्रकाराला आधीच सांगा की मापन चेहऱ्यावरून कर, कपड्यांवरून नव्हे. चेहऱ्यावर थेट फ्लॅश मारू नको. त्याने कपाळ व नाक चमकते आणि गाल मागे राहतात. खिडकीचा, मांडवाच्या कनातीतून झिरपणारा, किंवा पांढऱ्या चादरीवरून परतलेला मऊ प्रकाश सावळ्या चेहऱ्याला फार मानवतो, कारण अशा चेहऱ्याचा घाट मुख्यतः त्याच्यावरील उजेडाच्या कडांनी कळतो. ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात अगर रंगीत दिव्यांखाली चेहरा घेऊ नको. आणि चित्र ‘रॉ’ स्वरूपात साठव, म्हणजे पुढे दुरुस्तीला वाव राहील. आपला पैसा देऊन आपण काम सांगतो. एवढे सांगण्यात संकोच कसला?

मग संगणकावरील काम. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले. तत्पूर्वी हेच काम काचेच्या व फिल्मच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून होत असे. निगेटिव्हवर शिसे चढले की छापात तो भाग उजळ येई. त्याला ‘टचिंग’ म्हणत. म्हणजे रोग जुना आहे. औषधाची बाटली तेवढी नवी.

संगणक प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन आकड्यांत, शून्यापासून २५५ पर्यंत, साठवितो. वाचकहो, येथे एक विलक्षण गोष्ट आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या उजेडात काढलेल्या कोणत्याही माणसाच्या चेहऱ्यावरचे हे आकडे पाहा: तांबडा सर्वांत मोठा, हिरवा त्याहून कमी, निळा सर्वांत लहान. नॉर्वेच्या माणसाचे तसेच, नायजेरियाच्या माणसाचे तसेच, विदर्भातील माणसाचे तसेच. कारण त्वचेत मेलॅनिन आहे आणि तिच्याखाली रक्त आहे. ही दोन द्रव्ये सर्वांची एकच. चित्रपटांचे रंग जुळविणारे तंत्रज्ञ एक वर्तुळाकार आलेख वापरतात, त्यावर त्वचेसाठी एकच रेषा आखलेली असते, आणि सर्व वर्णांच्या माणसांची त्वचा त्या एका रेषेच्या आसपासच येते. फरक असतो तो मुख्यतः उजेड-अंधाराचा. ज्या भेदावर माणसांनी एवढी उतरंड रचली तो भेद यंत्राच्या दृष्टीने रंगाचा नाहीच म्हटले तरी चालेल.

यावरून दुरुस्ती व पालट यांची परीक्षा हाती येते. कुशल कारागीर प्रथम चित्रातील एखादी करडी किंवा पांढरी वस्तू धरून उजेडाचा हिरवा-पिवळा झाक काढून टाकतो. मग चेहऱ्यापुरता भाग वेगळा निवडून ‘कर्व्ह’ नावाच्या साधनाने सावल्या थोड्या वर उचलतो, म्हणजे डोळ्यांखालची, हनुवटीखालची माहिती परत दिसू लागते. कपड्यांना तो हात लावीत नाही. तिन्ही आकडे वाढतात, पण त्यांच्यातील अंतर व क्रम टिकून राहतो. अडाणी कारागीर चेहऱ्यावर पांढरा रंग मिसळतो. तेव्हा तिन्ही आकडे एकमेकांजवळ येतात, त्वचेतील ऊब निघून जाते, आणि चेहरा राखेसारखा होतो. हे झाकण्यासाठी मग तो गालांवर गुलाबी फिरवितो आणि त्वचेवरचा पोत घासून गुळगुळीत करतो. भिंतीवरील ती आजी अशीच तयार झाली होती.

आकडे पाहण्याची सोय सर्वांना नाही, हे आम्ही जाणतो. तर मग साधी परीक्षा घ्या. चित्रातील चेहरा आणि त्याच चित्रातील मान, कान, हात एकमेकांशी जुळतात काय? गोरे करणाऱ्याचा हात बहुधा हनुवटीपाशी थांबतो. कान आणि मनगटे खरे बोलतात. शक्य असेल तर ज्याचे चित्र त्याला बरोबर न्या, दिवसाच्या उजेडात छाप त्याच्या हाताशेजारी धरा. आणि मूळ फाइल नेहमी मागून घ्या. पालट केलेल्या चित्रावरून माणूस परत मिळत नाही. मूळ असेल तर मिळतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्यूटी’ नावाची सोय असते आणि कित्येक फोनांत ती न विचारता चालू असते. ती बंद करा. २०१७ साली फेसअॅप नावाच्या अॅपमधील चेहरा आकर्षक करून दाखविणारी सोय त्वचा गोरी करते असे लोकांच्या लक्षात आले, आणि कर्त्यांना माफी मागावी लागली; त्यांच्या म्हणण्याप्रमाणे यंत्राला शिकविण्यासाठी दिलेली छायाचित्रेच एकांगी होती. शर्लीचे कार्ड कागदावरून यंत्राच्या मेंदूत गेले, एवढेच.

जुन्या छायाचित्रांविषयी दोन शब्द. पूर्वीच्या काचा व फिल्म तांबड्या प्रकाशाला आंधळ्या असत. तपकिरी त्वचा तांबडा प्रकाशच अधिक परतविते. म्हणून त्या चित्रांत आपले पणजोबा होते त्याहून काळे उमटले असण्याचा संभव आहे. ते थोडे उजळ करणे यात पालट नाही. परंतु जुन्या कृष्णधवल छायाचित्रांना संगणकाने रंग भरण्याची जी हौस हल्ली आली आहे, तिच्यात त्वचेचा रंग हा निव्वळ अंदाज असतो, हे विसरू नका. बाबासाहेबांची गुलाबी गालांची चित्रे आपण पाहतो. त्यांच्या छायाचित्रांत जे नाही ते कोणी भरले आणि का भरले, असे एकदा तरी मनाशी विचारा.

आणि आता, वाचकहो, जे बोलण्यास अवघड जाते ते बोलतो. गोरे करण्याचा हट्ट स्टुडिओवाल्याचा एकट्याचा नाही. मुलीच्या लग्नासाठी परिचयपत्राबरोबर फोटो द्यावयाचा असतो, तेव्हा ‘जरा गोरा करून द्या’ असे आपणच सांगतो. त्या मुलीचे पुढे काय होते, याचा विचार केला आहे काय? पाहुणे येतात, तिच्याकडे पाहतात, हातातील फोनकडे पाहतात, आणि निघताना कोणीतरी म्हणते, ‘फोटोत वेगळी दिसत होती.’ खोटे बोलला तो फोटो. खोटी ठरली ती मुलगी. शिक्षण घेतलेली, नोकरी करणारी, बुद्धवंदना तोंडपाठ असणारी अशी कन्या आपल्याच घरात आपल्याच माणसांपुढे अपराध्यासारखी उभी राहते. आणि ज्यांनी नापसंत केले ते कोण? तेही धम्मबांधवच! जातीची अट मोडली म्हणून ज्यांचा आपण गौरव करतो त्यांच्याही पत्रात ‘गोरी वधू पाहिजे’ असे शब्द आम्ही वाचले आहेत. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नावातले ‘फेअर’ काढून टाकले. विवाह जुळविणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने त्याच वर्षी त्वचेच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय बंद केली. दुकानदारांना लाज वाटली. वरपक्षाला केव्हा वाटावयाची?

मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. श्रावस्तीला अस्सलायन नावाचा तरुण ब्राह्मण भगवंतांकडे वाद घालण्यास येतो. ब्राह्मण तेवढा शुक्ल वर्ण, इतर कृष्ण वर्ण, हा ब्राह्मणांचा दावा तो तेथे मांडतो. म्हणजे पांढरे श्रेष्ठ व काळे हीन ही भाषा किती जुनी आहे पाहा. भगवंत त्याला विचारतात की अंगाला चूर्ण लावून नदीवर मळ धुण्याचे सामर्थ्य एकट्या ब्राह्मणालाच आहे काय? अस्सलायनाला ‘नाही’ म्हणावे लागते. मळ कोणाचाही धुता येतो. परंतु आपण आईचा वर्णच मळ समजून संगणकावर धुऊ लागलो, तर तो दावा अस्सलायनाच्या पश्चात कोणी चालविला असे म्हणावयाचे? बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे मांडून दाखविले की ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे आहेत या म्हणण्याला आधार नाही. आपल्या प्रांतात सावळे ब्राह्मण आहेत, गोरे महार आहेत. गावोगाव हे दिसते. असे असता काळेपणा ही खालच्या जातीची खूण आहे, हे शत्रूचे म्हणणे आपण फोटोपुरते का मान्य करावे?

कोणी म्हणेल, एवढ्याशा फोटोचे काय घेऊन बसलात? १९९४ च्या जून महिन्यात ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूवर खुनाचा आरोप आला, तेव्हा ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र अधिक काळे करून छापले. ‘न्यूजवीक’ने तेच चित्र जसेच्या तसे छापले होते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवताच लबाडी उघडी पडली. सन्मानासाठी गोरे आणि संशयासाठी काळे, हे एकाच नाण्याचे दोन छाप होत. आणि २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिम्नित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन यंत्रांची परीक्षा घेतली. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत त्यांतील एक यंत्र ३४.७ टक्के वेळा चुकले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत कोणतेही यंत्र ०.८ टक्क्यांपलीकडे चुकले नाही. चेहरा पाहून हजेरी घेणारी यंत्रे आता आपल्याकडेही येत आहेत. पासपोर्टच्या छायाचित्रात त्वचेचा रंग नैसर्गिक दिसावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे तो उगाच नव्हे. गोऱ्या केलेल्या फोटोचा अर्ज परत येतो, आणि हेलपाटा पडतो तो आपल्याला.

त्या आजीच्या छायाचित्राचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. यजमान दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले. कारागीर तरुण होता. त्याने वाद घातला नाही, कुरकुर मात्र केली. मूळ फाइल त्याच्याकडे होती. पाऊण तास बसून त्याने पांढरेपणा काढला, सावल्या उचलल्या, आणि लहानशा चित्रात पुरते मिटल्यासारखे वाटणारे गोंदण कपाळावर पुन्हा उमटले. नव्या छापाचे पैसे निराळे घेतले. चौकट तीच आहे. ती लावताना मुलाने स्टूल धरून ठेवले होते, असे यजमानांनी आम्हांस फोनवरून कळविले.